पंप लिहून देणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र: एकदा पेशंटला तो ओढताना बघा

नमस्कार डॉक्टर, सिस्टर, ब्रदर आणि औषधाची पिशवी हातात देणारे फार्मासिस्ट,

आधीच सांगते, हे पत्र तुमच्याविरुद्ध नाहीये. ओपीडीत किती गर्दी असते ते आम्ही बाहेर बाकड्यावर बसून बघतच असतो, एका पेशंटला किती मिनिटं मिळतात तेही माहितीये. तरी एक मागणं आहे आणि ते मी जीव तोडून मागतेय, कारण माझ्या आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा आजार, आहे आणि तिच्यासोबत इतकी वर्षं दवाखान्यांच्या चकरा मारून मला एवढं नक्की कळलंय की या आजारात औषध लिहिणं आणि औषध फुफ्फुसात पोचणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. मागणं एवढंच, की पंप, म्हणजे इनहेलर, लिहून दिलात तर तो पेशंटला तुमच्यासमोर ओढायला लावा आणि बघा. "घेता ना नीट?" असं नुसतं विचारू नका प्लीज. त्याला उत्तर "हो" हेच येतं, समोर डॉक्टर बसलेले असताना "नाही" म्हणणारा पेशंट मी तरी अजून पाहिला नाही.

हे मी फक्त आमच्या घरावरून बोलत नाहीये. २०१६ मध्ये एका मोठ्या आढाव्यात १९७५ ते २०१४ या काळातले सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले होते, पेशंट पंप कसा वापरतात याचे, एकूण ५४ हजारांहून जास्त माणसं. पूर्णपणे बरोबर पद्धतीने घेणारे निघाले ३१ टक्के. म्हणजे साधारण तिघांतला एक. आणि मला जास्त टोचलं ते पुढचं, की चाळीस वर्षांत हा आकडा सुधारलाच नाही. मधल्या काळात औषधं किती बदलली, पंपांचे किती प्रकार आले, चोवीस तास टिकणारी औषधं आली, पण माणसाच्या तोंडापासून फुफ्फुसापर्यंतचा तो शेवटचा टप्पा आहे तिथेच आहे.

आईचं सांगते. तिला गॅसचा पंप होता, डबी दाबली की फुस्स होतो तो. ती काय करायची, तोंड उघडून पंप आत धरायची, दाबायची आणि मग श्वास घ्यायची. आधी दाबणं, मग श्वास. ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर यायचा, छोटासा ढग, आणि आम्हाला वाटायचं हे असंच असतं, औषध जास्त झालं की बाहेर येत असेल. त्या ढगातच तिचं औषध होतं हो! जे आत गेलं ते जिभेवर आणि घशात, फुफ्फुसात जवळपास काहीच नाही. आणि दर भेटीला तक्रार तीच, "दम कमी होत नाही", मग औषध वाढायचं, दुसरा पंप यायचा, मग गोळ्या, मग हात थरथरायला लागले म्हणून त्याच्यावर अजून काहीतरी. फाईल जाड होत गेली. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी सहज म्हटलं, आजी, दाखवा बरं कसा घेता. आईने दाखवलं. ताई काही बोलल्या नाहीत, उठल्या, कपाटातून एक स्पेसर काढला, तो प्लॅस्टिकचा नळकांड्यासारखा असतो ना तो, पंप त्याला लावला आणि आईला म्हणाल्या आता दाबा आणि मग आरामात श्वास घ्या, घाई नाही. पुढच्या काही दिवसांत आईचा दिवसच बदलला. औषध तेच, डोसही तोच.

म्हणून मला वाटतं की हे बघणं हा उपचाराचाच भाग आहे. वेळ उरला तर करायची गोष्ट नाही ही.

आता तुम्हाला माहीत असलेलंच मी सांगतेय असं वाटेल, पण बाकड्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे माहीत नसतं, म्हणून लिहिते. गॅसचा पंप आणि पावडरचा पंप यांची पद्धत एकमेकांच्या उलट आहे. गॅसवाल्यात आधी पंप हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, हळू श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच दाबायचं, तीनचार सेकंद सावकाश ओढत राहायचं आणि मग दहा सेकंद, जमेल तितका, श्वास धरायचा. पावडरवाल्यात दाबायचं काहीच नाही, तिथे तुमचा श्वासच पावडर उडवतो, त्यामुळे पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचं. आणि त्याच्या आत श्वास सोडायचा नाही, ओलाव्याने पावडर चिकटते. आता ज्याला दोन्ही प्रकार दिलेत तो काय करणार सांगा? एक हळू, एक जोरात, सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, आणि सांगणारं कोणी नाही. तो सगळं एकाच पद्धतीने ओढतो. कॅप्सूल पंपात घालायची असते हे न समजल्यामुळे ती पाण्यासोबत गिळणारे पेशंट असतात, हे तर तुम्हीही पाहिलं असेल. डबी रिकामी झालीये हे न कळता महिनाभर रिकामी डबी ओढणारेही असतात, कारण फुस्स आवाज तर येतच राहतो.

अजून एक, पंप निवडताना पेशंटचे हात बघा आणि त्याची ओढ बघा. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या बाईला डबी दाबता येत नाही. आजार बराच वाढलेल्या माणसाला पावडर ओढण्याइतका जोर नसतो. अशा वेळी औषधाचं नाव कितीही भारी असलं तरी उपयोग काय. आणि ज्याच्यात स्टेरॉइड आहे तो पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो, हे वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात. आईला ते कोणीच सांगितलं नव्हतं आणि मग तोंड आलं म्हणून तिने पंपच बंद केला होता, स्वतःच्या मनाने, आणि आम्हाला बोलली पण नाही.

दुसरं मागणं टेस्टचं. स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायची ती.

आईला कित्येक वर्षं दमा आहे असंच धरून चाललं होतं. छातीला नळी लावली, शिट्टी ऐकू आली, लिहिलं. एक्स-रे काढला, फारसं काही दिसलं नाही, मग सगळं ठीक. पण सीओपीडी एक्स-रेवर कळेलच असं नसतं, सुरुवातीला तर बऱ्याचदा साफच दिसतो, आणि दमा की सीओपीडी हे नुसतं कानाने ठरवता येत नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन मग फुंकायला लावायचं, पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा आणि एकूण बाहेर आलेली हवा यांचं प्रमाण ०.७० च्या खाली असेल तर अडथळा आहे आणि तो औषधाने पूर्ण जात नाहीये, असा तो हिशोब. जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरांनी स्पायरोमीटर आणलं १८४६ साली. इतकी जुनी गोष्ट आहे ही. बीपीच्या पेशंटचं बीपी न मोजता कोणी त्याला वर्षानुवर्षं गोळ्या देत नाही, मग फुफ्फुसाच्याच बाबतीत अंदाजाने का चालतं हे मला खरंच समजत नाही. आणि हे उलट्या बाजूनेही होतं, वय झालंय, सिगारेट ओढायचा, धाप लागते, म्हणजे सीओपीडीच असणार असं धरून पंप सुरू होतो आणि दुखणं निघतं हृदयाचं किंवा रक्त कमी असल्याचं. मोजलं असतं तर कळलं असतं ना.

आणि पहिला प्रश्न "सिगारेट ओढता का?", उत्तर "नाही", की विषय संपला, असं करू नका. आईने आयुष्यात कधी सिगारेट हातात धरली नाही. ती चुलीसमोर बसली, वर्षानुवर्षं, लाकडाच्या धुरात, बंद खोलीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत सीओपीडीच्या ७० टक्क्यांहून जास्त केसेस तंबाखूच्या धुरामुळे आहेत, पण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तंबाखूचा वाटा ३० ते ४० टक्के, आणि तिथे घरातला धूर हे मोठं कारण आहे. मग खाणीतली धूळ, धान्याची धूळ, केमिकलच्या वाफा. लहानपणी वारंवार झालेले छातीचे आजार. कमी वजनाने जन्मलेली मुलं. २०१५ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की सीओपीडी झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांची फुफ्फुसं म्हातारपणी वेगाने खराब झालेलीच नव्हती, तरुणपणीच ती पूर्ण क्षमतेला पोचली नव्हती, तिथून सगळ्यांसारखीच हळूहळू घसरण झाली आणि तीच त्यांना भारी पडली. म्हणजे आजाराची सुरुवात कधीकधी पाळण्यापासून असते. शिवाय अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं, फुफ्फुसांना जपणारं प्रोटीन जन्मतःच कमी असण्याचा प्रकार, स्वीडनमध्ये १९६३ ला सापडलेला, तो विरळा आहे मान्य, पण सीओपीडीच्या प्रत्येक पेशंटची ही रक्ततपासणी एकदा तरी करावी अशी शिफारस आहे आणि ती किती ठिकाणी होते?

जे सिगारेट ओढतात त्यांच्याबद्दलही बोलायचंय, कारण त्यांची बाजू कोणी घेत नाही. बाकड्यावर आमच्या शेजारी एक काका नेहमी असायचे, आत गेले की दहाव्या मिनिटाला मान खाली घालून बाहेर, कारण आत फक्त ओरडा बसायचा. "सोडा नाहीतर मराल." त्यांना ते माहीत नव्हतं का? निकोटिनचं व्यसन आहे ते, मेंदूवर पकड असते त्याची, पॅच आहेत, च्युइंगगम आहे, गोळ्या आहेत, समुपदेशन आहे, आणि औषध व समुपदेशन दोन्ही मिळून दिलं तर सुटण्याची शक्यता चांगली वाढते हे तुम्हालाच जास्त माहीत आहे. मग चिठ्ठीवर ते का येत नाही, तोंडी दमच का येतो? आणि उशीर झालाय आता काय फायदा असं तर कोणालाच सांगू नका. फ्लेचर आणि पीटो या संशोधकांनी १९७७ मध्येच दाखवून दिलं होतं की सोडल्यावर गेलेली क्षमता परत येत नाही, पण पुढच्या घसरणीचा वेग कमी होऊन न ओढणाऱ्या माणसाच्या जवळ येतो. पन्नाशीत सोडली तरी फायदा, साठीत सोडली तरी फायदा. हे त्या काकांना कोणी नीट बसवून सांगितलं असतं तर ते निदान खाली मान घालून बाहेर आले नसते.

थोडं आतलं सांगते, म्हणजे दम लागतो म्हणजे काय होतं ते. हे मला एका डॉक्टरांनीच चित्र काढून समजावलं आणि त्यानंतर मी आईवर चिडणं बंद केलं. आपल्याला वाटतं यांना श्वास आत घेता येत नाही. खरी अडचण बाहेर सोडायची असते. बारीक श्वासनळ्यांना आजूबाजूच्या वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती ताणून उघड्या धरून ठेवतात, त्या भिंती धुराने झिजल्या की श्वास सोडताना नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते. त्यात नळ्या सुजलेल्या, कफाने भरलेल्या. घाईत श्वास घेतला तर सोडायला वेळ अजून कमी मिळतो, अजून हवा अडकते, छाती फुगते, खालचा पडदा सपाट होतो आणि त्याला ओढायला जागाच राहत नाही. तुम्ही स्वतः करून बघा, छाती पूर्ण भरून घ्या, सोडू नका, आणि त्या भरलेल्या छातीवरच छोटे छोटे श्वास घेत एक जिना चढा. आई रोज तशी बाथरूमपर्यंत जाते.

आणि केस विंचरणं. हे मला कधीच कळलं नव्हतं की चालण्यापेक्षा तिला केस विंचरताना जास्त दम का लागतो. हात वर गेले की खांद्याचे आणि मानेचे जे स्नायू तिला श्वासासाठी मदत करत असतात ते हातांना धरून ठेवण्यात गुंततात. म्हणून कपडे वाळत घालणं, वरच्या फळीवरचं काढणं, डोक्यावरून पाणी घेणं, सगळ्यात दम. ओपीडीत तुम्ही विचारता "दम लागतो का?", ती म्हणते "आता जरा बराय", कारण तिने केस कापून टाकलेत, कपडे मी वाळत घालते, आणि ती खुर्चीतून उठत नाही. दम लागेल अशी प्रत्येक गोष्ट तिने आयुष्यातून काढून टाकलीये, मग लागेल कशाला. तेव्हा प्रश्न बदला. सहा महिन्यांपूर्वी काय करत होता जे आता करत नाही, असं विचारा. सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसाबरोबर चालताना मागे पडता का, मध्ये थांबायला लागतं का, हे विचारा. आणि शक्य असेल तर आम्हाला विचारा, घरच्यांना.

यावरून रिहॅबवर येते, आणि इथे मी जरा रागावूनच लिहिणार आहे. पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे देखरेखीखाली चालण्याचा, हातापायांच्या ताकदीचा व्यायाम, श्वास कसा सांभाळायचा ते शिकवणं, आजार समजावणं, साधारण सहा ते आठ आठवडे. दम लागतो म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून पायाचे स्नायू जातात, स्नायू गेले की थोड्या कामालाही जास्त ऑक्सिजन लागतो, मग अजून लवकर दम. ते चक्र फिरवणारी ही एक गोष्ट आहे. २०१५ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ६५ चाचण्या एकत्र केल्या होत्या आणि फायदा इतका स्पष्ट निघाला की नेहमीच्या उपचाराशी तुलना करणाऱ्या अजून चाचण्यांची आता गरज नाही असं सांगून तो प्रश्न बंद करण्यात आला. एवढं सिद्ध झालेलं! आणि मिळतं किती जणांना? अमेरिकेतल्या वयस्कर पेशंटचा एक अभ्यास २०२० मध्ये आला, सीओपीडी बळावून हॉस्पिटलमध्ये राहून गेलेल्यांपैकी तीन महिन्यांच्या आत रिहॅब सुरू झालेले शंभरात दोनसुद्धा नव्हते. तिथे ही गत तर बाकी ठिकाणचं काय बोलायचं. आईला तर "आराम करा" असंच सांगितलेलं. आराम! त्या आरामाने तिचे पाय काडीसारखे झाले.

सेंटर जवळ नसेल तर कागदावर लिहून तरी द्या, घरी काय करायचं ते. रोज किती चालायचं, दम लागला की कुठे थांबायचं, दम लागणं म्हणजे इजा होतेय असं नाही हे सांगा, कारण पेशंटला तीच भीती असते. ओठांचा चंबू करून हळू फुंकत श्वास सोडायचा, नाकाने घ्यायचा त्याच्या दुप्पट वेळ सोडायला, त्याने नळ्या थोडा जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते. पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकून बसायचं. तोंडावर छोट्या पंख्याचा वारा घ्यायचा, याने धाप लागल्याची भावना कमी होते हे अभ्यासांत दिसलंय, आणि आमच्या घरात तर तो छोटा पंखा आईच्या उशीजवळच असतो. या गोष्टींना औषध लागत नाही, फक्त कोणीतरी एकदा समोर करून दाखवावं लागतं.

आता बळावतं तेव्हाचं. हे सगळ्यात भीतीचं, कारण प्रत्येक वेळी माणूस आधीच्या पायरीवर परत चढतोच असं नाही, आणि एकदा मोठा झटका येऊन गेला की पुढचा यायची शक्यता वाढते. आम्हाला एक कागद हवाय. तब्येत नेहमीपेक्षा बिघडतेय हे कसं ओळखायचं, म्हणजे दम वाढला, कफ वाढला, कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, तर पहिल्या दिवशी काय, लवकर काम करणारा पंप किती वेळा, कोणती गोळी घरात ठेवायची आणि ती कधी सुरू करायची, आणि कोणती लक्षणं दिसली की काहीही विचार न करता हॉस्पिटल गाठायचं: ओठ निळे, बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, गुंगी, गोंधळल्यासारखं बोलणं. असा कागद नसला की दोनपैकी एक होतं, एकतर आम्ही उगाच थांबतो, नाहीतर जुन्या चिठ्ठीवरच्या स्टेरॉइडच्या गोळ्या पुन्हा पुन्हा आणून देत राहतो, महिनोनमहिने, आणि मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत दिसलं होतं की असा झटका आला की पाच दिवसांचा स्टेरॉइडचा कोर्स चौदा दिवसांच्या कोर्सइतकंच काम करतो. पाच दिवस. हे पेशंटला सांगा ना, गोळ्या कधी थांबवायच्या ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि अँब्युलन्समधल्या मंडळींना खास विनंती. दम लागलेला माणूस बघून ऑक्सिजन पूर्ण उघडावासा वाटतो, समजू शकते, मलाही आईकडे बघून तसंच वाटतं. पण ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामध्ये २०१० मध्ये अँब्युलन्समध्येच केलेली चाचणी आहे, मोजूनमापून, रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्क्यांच्या आत ठेवून ऑक्सिजन दिला त्या गटात मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले, सरसकट जास्त प्रवाहाने दिलेल्यांच्या तुलनेत. जास्त ऑक्सिजनने या पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस गुंगीत जातो. तो ८८ ते ९२ चा आकडा आईच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी स्वतः लाल पेनाने लिहून ठेवलाय. तो तुमच्याकडून छापून मिळाला तर बरं होईल, मुलीने लिहिलेल्याला इमर्जन्सीमध्ये कोण विचारतं.

घरच्या ऑक्सिजनबद्दल पण फार गैरसमज आहेत. बऱ्याच जणांना वाटतं की दम लागला की नळी लावायची आणि बरं वाटलं की काढायची. ज्यांचा ऑक्सिजन शांत बसलेलं असतानाही खूप कमी असतो, साधारण ८८ टक्के किंवा खाली, त्यांना दिवसाला किमान १५ तास लावला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ मध्ये आलेल्या दोन चाचण्यांनी दाखवलं. ज्यांचा थोडासाच कमी आहे त्यांना तसा फायदा दिसला नाही, तेही २०१६ मध्ये तपासून झालंय. म्हणजे हे गरजेप्रमाणे घ्यायचं औषध नाहीये, ज्याला लागतं त्याला तासांनी मोजून लागतं आणि ज्याला लागत नाही त्याच्या घरात मशीन नुसतं आवाज करत बसतं. आम्हाला मशीन दिलं तेव्हा तास कोणी सांगितले नव्हते. ऑक्सिजन चालू असताना जवळ आग नको, सिगारेट तर नकोच नको, हेही मशीन देणाऱ्यानेच स्पष्ट सांगायला हवं.

लशींचं लवकर आटपते. फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची, कोविडची, आता आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूची पण आलीये. दर वेळी आम्हीच आठवण करून द्यायची असं का? पंपाच्या चिठ्ठीखालीच एक ओळ लिहून टाका.

मनाबद्दल पण विचारा एकदा. आई रात्री झोपायला घाबरते, दम लागून उठता नाही आलं तर काय, हे तिने मला खूप उशिरा सांगितलं. हा आजार असलेल्यांमध्ये चिंता आणि नैराश्य पुष्कळ असतं आणि "वय झालं की होतंच" म्हणून ते सोडून दिलं जातं. वजनाचंही तसंच, जेवतानाही दम लागतो म्हणून माणूस कमी खातो, वाळत जातो, आणि घरचे म्हणतात नखरे करते. थोडं थोडं, जास्त वेळा खा, एवढं तुमच्या तोंडून आलं की घरात वाद मिटतो, आमच्या तोंडून आलं तर नाही मिटत.

तुम्ही म्हणाल एवढं सगळं एका भेटीत कसं बसवायचं. नाहीच बसणार, मान्य आहे. सगळं डॉक्टरांनीच करावं असंही मी म्हणत नाहीये. पंप ओढताना सिस्टर बघू शकतात, औषध देताना फार्मासिस्ट बघू शकतात, चालणं फिजिओ शिकवू शकतात, आणि एकदा शिकवलेलं काही महिन्यांत पुन्हा बिघडतं म्हणून ते दर वेळी बघायचं असतं. अपॉइंटमेंटच्या कागदावर "येताना सगळे पंप सोबत आणा" एवढं छापलं तरी अर्धं काम होईल, कारण आम्ही फाईल आणतो, रिपोर्ट आणतो, पंप मात्र घरी टेबलावर असतो. पेशंट सुधारत नाही म्हणून औषध वाढवायचा विचार मनात आला, की पेन उचलायच्या आधी "दाखवा बरं कसा घेता" हे विचारायचं. डोस तेव्हाच वाढवायचा जेव्हा आधीचा डोस आत जातोय याची तुमच्या डोळ्यांनी खात्री झालीये.

एक शेवटचं आहे आणि ते बोलायला जड जातं. २०२१ मध्ये जगभरात सीओपीडीने ३५ लाखांच्या आसपास माणसं गेली. हा आजार हळूहळू वाढत जातो हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, आम्हाला कोणी स्पष्ट सांगत नाही, कॅन्सर असला तर घरातल्यांना बाजूला घेऊन बोलतात, इथे मात्र फक्त पंप बदलत राहतो. आजार बराच वाढलाय असं तुम्हाला दिसेल तेव्हा, तब्येत शांत असतानाच, आईला विचारा की पुढे फार बिघडलं तर तिला काय हवंय, मास्कचं मशीन चालेल का, नळी घालून व्हेंटिलेटरवर जायचंय का, की घरीच राहायचंय आणि दम कमी वाटेल एवढीच औषधं हवीत. ती शुद्धीवर असताना, तिच्या तोंडून. आणि आम्हालाही त्या वेळी खोलीत बसू द्या, कारण रात्री अडीच वाजता इमर्जन्सीच्या दारात कोणीतरी फॉर्म पुढे करून "काय करायचं लवकर सांगा" म्हणतं तेव्हा भाऊ माझ्याकडे बघतो आणि मी भावाकडे, आणि जिचा प्रश्न असतो तिला बोलण्याइतका श्वास नसतो.

तुमची,
एका सीओपीडी पेशंटची मुलगी